नकाशातली चूक कुठे कळवायची आणि कोणी मिटवायची : खानदेशातल्या ओपनस्ट्रीटमॅप मॅपर्ससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही सुधारू शकेल अशा खुल्या नकाशावर, काम करणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढते आहे. त्याचबरोबर एकाच चुकीच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी व्हायला लागल्या आहेत. कोणी टीप (नकाशावर त्या जागी लिहिलेली 'इथे चुकलंय' अशी नोंद) टाकतं, कोणी ऑस्मोजवर (यंत्राने चुका शोधणारं साधन) दुरुस्ती करतं, कोणी मॅपरूलेटवर (दुरुस्तीची छोटी कामं वाटून देणारं संकेतस्थळ) तेच काम पुन्हा उघडतं, आणि टीप मात्र वर्षभर उघडीच राहते. नवे लोक जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आधी वाचून घ्या, मग हात घाला.

चूक कळवायला इतकी वेगवेगळी साधनं का आहेत?

कारण ती वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गरजेतून बनवली. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. नकाशा कोणीही सुधारावा ही कल्पना होती, पण सुधारणं न जमणाऱ्या माणसाला 'इथे चुकलंय' एवढंच सांगायचं असेल तर सोय नव्हती. ती उणीव भरून काढायला ओपनस्ट्रीटबग्ज नावाचं स्वतंत्र संकेतस्थळ निघालं. मग स्कॉब्लर या नेव्हिगेशन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या तक्रारींसाठी मॅपडस्ट काढलं. तक्रारी दोन्हीकडे साचू लागल्या आणि एकीकडचं दुसरीकडे कळेना. शेवटी २०१३ मध्ये मुख्य संकेतस्थळावरच 'टीप' ही सोय आली आणि माणसांनी कळवलेल्या चुकांना हक्काची एक जागा मिळाली.

यंत्राने शोधलेल्या चुकांचं घराणं निराळं. ऑस्मोज, जिओफॅब्रिकचा ओएसएम इन्स्पेक्टर, जोसम या संगणकावरच्या नकाशा-संपादकाचा व्हॅलिडेटर आणि आयडी या संकेतस्थळावरच्या संपादकातली तपासणी ही साधनं नकाशाची माहिती चाळतात आणि संशयास्पद जागा दाखवतात. रस्ता रस्त्याला टेकत नाही, रस्ता नदीवरून जातो पण पूल नाही, एकच दुकान दोनदा आलंय, अशा जागा. यांतलं एकही साधन त्या जागी गेलेलं नसतं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, खालची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

मग मी नेमकं कुठे कळवू?

स्वतः दुरुस्त करता येत असेल तर कळवू नका, दुरुस्त करा. येत नसेल किंवा खात्री नसेल तर मुख्य संकेतस्थळावर टीप टाका. मोबाइलवर ऑस्मॲन्ड, ऑरगॅनिक मॅप्स किंवा स्ट्रीटकम्प्लीट असेल तर तिथूनही टीप टाकता येते आणि ती त्याच एका साठ्यात जाऊन पडते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकून 'हे चुकलंय' म्हणणं पुरेसं नाही. दोन दिवसांत तो निरोप लग्नपत्रिकांखाली गाडला जातो आणि ज्याला तो भाग येतो तो माणूस बहुतेक वेळा त्या ग्रुपवर नसतो.

गूगल मॅपवर कळवलं तर इथे येतं का?

नाही. दोन्ही नकाशे पूर्ण वेगळे आहेत. गूगलवर सुचवलेला बदल गूगलकडेच राहतो. आणि उलट दिशेची गोष्ट त्याहून महत्त्वाची: गूगलवर पाहून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काहीही भरायचं नाही. रस्त्याचं नाव नाही, दुकान नाही, गावाचा ठिपकासुद्धा नाही. २०१२ पासून इथली माहिती ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे आणि बंद परवान्याची माहिती त्यात मिसळली तर ती पुढे काढून टाकावी लागते, तिच्यावर नंतर केलेल्या इतरांच्या मेहनतीसकट. 'गूगलवर असं दाखवतंय' एवढ्याच आधाराची टीप कोणी टाकली असेल तर तिच्या खाली लिहा की जागेवरचा आधार हवा, आणि तो मिळेपर्यंत नकाशाला हात लावू नका.

चांगली टीप कशी असते?

दुसऱ्या माणसाला तुम्हाला न विचारता काम पूर्ण करता आलं, तर टीप चांगली.

'रस्ता चुकीचा आहे' ही टीप निरुपयोगी. कुठला रस्ता, काय चुकीचं, कोणी पाहिलं, काहीच कळत नाही. हीच गोष्ट अशी लिहा: 'सावखेड्याहून नदीकडे जाणारा हा रस्ता नकाशात डांबरी दाखवला आहे. प्रत्यक्षात शेवटच्या विहिरीपासून पुढे गाडवाट आहे, ट्रॅक्टर जातो, कार जात नाही. मी मोटारसायकलने गेलो होतो, जानेवारी महिना.' इथे जागा आहे, फरक आहे, वाहन आहे, कधी पाहिलं ते आहे. वाचणारा घरी बसून योग्य टॅग, म्हणजे त्या वस्तूचं वर्णन करणारी खूण, लावू शकतो.

दोन तांत्रिक गोष्टी लक्षात ठेवा. टीप एकदा टाकली की तिची जागा हलवता येत नाही, म्हणून नकाशा पूर्ण मोठा करून मगच टाका. आणि लिहिलेला मजकूर नंतर बदलता येत नाही, फक्त खाली प्रतिसाद जोडता येतो.

शक्य असेल तेव्हा खातं उघडून, लॉगिन करूनच टीप टाका. कोणी तुम्हाला उलट प्रश्न विचारला तर ईमेल येतो. निनावी टिपेवर विचारलेला प्रश्न हवेत जातो, आणि बऱ्याच उघड्या टिपा याच कारणाने अडलेल्या असतात.

आणखी एक बारकावा. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप मूळ सेटिंगमध्ये इतरांच्या टिपांपैकी मुख्यतः प्रश्नाच्या रूपात असलेल्या टिपा दाखवतं, म्हणजे ज्यांत प्रश्नचिन्ह आहे त्या. तुम्हाला तिथून जाणाऱ्या माणसाकडून उत्तर हवं असेल तर टीप प्रश्न म्हणूनच लिहा: 'ही शाळा अजून चालू आहे का?' तुमची टीप वाटसरूच्या मोबाइलवर उठेल.

फोटो जोडता येतो का?

मुख्य संकेतस्थळावरच्या टिपेला थेट फोटो जोडता येत नाही. स्ट्रीटकम्प्लीटमधून टीप टाकली तर फोटो जातो, पण टीप मिटल्यावर तो काही दिवसांनी काढला जातो. म्हणून फोटोत दिसणारी पाटी शब्दांतही लिहून काढा. कायमस्वरूपी रस्त्याचे फोटो द्यायचे असतील तर मॅपिलरीसारखी जागा बरी, तिथला दुवा टिपेत देता येतो. माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर येणार नाहीत याची काळजी घ्या.

टीप अहिराणीत लिहिली तर चालेल का?

चालेल. मराठी, अहिराणी, हिंदी, काहीही. 'आठे पूल नही शे, फरशी शे, पानी उनं का रस्ता बंद व्हस' ही टीप आपल्याकडच्या कोणत्याही मॅपरला एका नजरेत कळते, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या टिपेपेक्षा शंभर पटीने उपयोगाची आहे. बाहेरच्या मॅपरला ती कळणार नाही ही अडचण खरी आहे, पण ती सोडवणं आपलं काम. अशी टीप दिसली की खाली मराठीत किंवा इंग्रजीत एक ओळ जोडून द्या. सांगणाऱ्याला भाषा बदलायला लावू नका. ज्याला गाव माहीत आहे तो माणूस टीप टाकायलाच बिचकला तर आपल्याकडे उरतं काय? वरून काढलेलं उपग्रहचित्र.

ऑस्मोज किंवा आयडी म्हणतं 'रस्ता नदी ओलांडतो, पूल नाही'. पूल जोडून टाकू का?

नाही. थांबा. खानदेशात सगळ्यात जास्त नुकसान करणारी 'दुरुस्ती' हीच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आयडी संपादकात अशी जागा निवडली की बाजूला पर्याय येतात आणि त्यात पूल जोडण्याचा पर्याय असतो. एक क्लिक केलं की इशारा जातो, यादी लहान होते, काम झाल्यासारखं वाटतं. पण आपल्याकडच्या नाल्यांवर आणि लहान नद्यांवर कितीतरी ठिकाणी पूल नसतोच, फरशी असते. नदीच्या पात्रातच काँक्रीट घालून केलेला ठेंगणा रस्ता. आठ-नऊ महिने त्यावरून एसटी जाते. वरच्या अंगाला पाऊस झाला की त्यावरून पाणी वाहतं आणि दोन्हीकडची वाहनं थांबतात. पांझरा, बोरी, अनेर, वाघूर, गिरणा, कुठलीही नदी घ्या, तिच्या ओढ्या-नाल्यांवर अशी एखादी फरशी तुम्हाला माहीत असणारच.

आता नकाशात तिथे पूल काढला तर काय होईल? रस्ता दाखवणारं ॲप बाराही महिने त्या वाटेने पाठवत राहील. गाडीत बाळंतपणाची बाई असेल, ड्रायव्हर बाहेरगावचा असेल, रात्रीची वेळ असेल. फरशीवर किती पाणी आहे हे अंधारात कळत नाही.

म्हणून अशा जागी आधी ठरवायचं की तिथे प्रत्यक्षात काय आहे. खाली नळे टाकलेली, पाणी कमी असताना खालून जाणारी फरशी असेल तर ब्रिज या टॅगला लो_वॉटर_क्रॉसिंग हे मूल्य द्या आणि सोबत फ्लड_प्रोन=येस लावा. नळे नसतील, पाणी थेट रस्त्यावरूनच जात असेल, तर फोर्ड=येस. खरोखर उंच पूल असेल तरच साधा पूल. उपग्रहचित्रात फरशी आणि पूल यांतला फरक बहुतेक वेळा दिसत नाही. सावली पडली असेल तर अंदाज येतो, पण अंदाजावर हे काम करू नये.

माहीत नसेल तर तिथे प्रश्नाची टीप टाका: 'इथे पूल आहे की फरशी? पावसाळ्यात रस्ता बंद पडतो का?' आणि इशारा तसाच राहू द्या. इशारा उघडा राहिल्याने कोणाचं बिघडत नाही. खोटा पूल मात्र घात करतो.

एकच चूक टिपेत आहे, ऑस्मोजवर आहे आणि मॅपरूलेटवरही आहे. मिटवायची कुठे?

सगळीकडे, पण ठरलेल्या क्रमाने. ही साधनं एकमेकांशी बोलत नाहीत. ऑस्मोजवर 'दुरुस्त' म्हटल्याने टीप मिटत नाही, टीप मिटवल्याने मॅपरूलेटचं काम संपत नाही. एकच उधारी तीन वह्यांत लिहिलेली असावी तसं हे आहे. म्हणून एक वही मुख्य मानायची, आणि खानदेशापुरती ती वही म्हणजे टीप. कारण माणूस बोलतो ते तिथे, उलट प्रश्न विचारता येतो तो तिथे, आणि कधी काय झालं हे मागे जाऊन वाचता येतं तेही तिथेच.

क्रम असा ठेवा. आधी पाहा की त्या जागी उघडी टीप आहे का. असेल तर ती पूर्ण वाचा, खालचे प्रतिसादही. मग नकाशात बदल करा आणि चेंजसेटच्या (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) वर्णनात टिपेचा क्रमांक लिहा. मग टिपेत काय बदललं ते एका ओळीत लिहून, चेंजसेटचा दुवा देऊन ती मिटवा. शेवटी यंत्राच्या साधनांकडे वळा. ऑस्मोजवर 'दुरुस्त' म्हणून ठेवता येतं, पण चूक खरोखर गेली नसेल तर पुढच्या तपासणीत ती परत उगवते, तेव्हा तिथे फसवणूक फार टिकत नाही. मॅपरूलेटवर दुसऱ्याने आधीच केलेलं काम दिसलं तर 'आधीच दुरुस्त' असं म्हणा. 'मी दुरुस्त केलं' म्हणू नका, आव्हान (मॅपरूलेटवरची एका प्रकारच्या कामांची यादी) चालवणाऱ्याचा हिशोब चुकतो.

आयडीमध्ये नकाशाच्या माहितीच्या पट्टीतून टिपा आणि ऑस्मोजचे इशारे दोन्ही थर एकाच वेळी लावता येतात. काम सुरू करताना दोन्ही लावायची सवय लावून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो. जोसम वापरणाऱ्यांनी माहिती उतरवताना टिपाही उतरवाव्यात, तीच खिडकी, एक खूण जास्त.

यंत्राचा इशाराच चुकीचा असेल तर?

ऑस्मोजवर 'चुकीचा इशारा' अशी वेगळी सोय आहे, ती वापरा. पण जागा स्वतः पाहिलेली असेल तरच. घरी बसून 'वाटतं बरोबर आहे' म्हणून इशारा कायमचा झाकणं म्हणजे पुढच्या माणसाचे डोळे बांधणं. पाहिलं नसेल तर पुढे जा.

एकाच प्रकारचा चुकीचा इशारा तालुकाभर दिसत असेल तर एकेक झाकत बसू नका. तपासणीचा नियमच आपल्या भागाला लागू पडत नसतो. ऑस्मोज हे ओपनस्ट्रीटमॅप फ्रान्सच्या मंडळींचं खुलं काम आहे. त्यांना उदाहरणांसह लिहिलं तर नियमात देशानुसार फरक करता येतो.

सातपुड्यातल्या टिपांचं काय करायचं? तिथे कोणी जात नाही.

जातात. शिक्षक जातात, आरोग्यसेविका जातात, वनरक्षक जातात, आणि तिथे माणसं राहतात. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले पाडे डोंगरउतारावर विखुरलेले असतात, एका गावाचे अनेक पाडे, प्रत्येकाचं नाव वेगळं. उपग्रहचित्रावरून घरं काढता येतात, पाड्याचं नाव काढता येत नाही. तोरणमाळकडच्या किंवा मोलगीच्या बाजूच्या टिपा म्हणूनच जास्त काळ उघड्या राहतात, आणि त्या तशा राहिल्या तरी चालतील.

जुनी झाली म्हणून टीप मिटवायची नाही. हे दरवेळी सांगावं लागतं. यादी स्वच्छ दिसावी म्हणून कोणी बाहेरचा माणूस 'तीन वर्षं झाली, उत्तर नाही' म्हणत टीप मिटवतो, आणि पाड्याचं नाव सांगणारा एकमेव धागा तुटतो. मिटवलेली टीप संकेतस्थळाच्या नकाशावर साधारण सात दिवस दिसते, मग दृष्टीआड होते. असं झालेलं दिसलं तर ती पुन्हा उघडा, कारण लिहा, सौम्य शब्दांत लिहा. मिटवणाऱ्याला आपला भाग माहीत नसतो, वाईट हेतू क्वचितच असतो.

मोबाइलला रेंज नसलेल्या भागात जाणार असाल तर निघण्यापूर्वी ऑस्मॲन्डमध्ये आपल्या भागाचा नकाशा आणि संपादनाचं प्लगइन घेऊन ठेवा. टीप ऑफलाइन लिहून ठेवता येते, शहाद्याला किंवा धडगावला रेंज आली की पाठवता येते. स्ट्रीटकम्प्लीटही आधी भाग उतरवून घेतला तर विनारेंज चालतं.

आणि यंत्राने उपग्रहचित्रावरून शोधलेले रस्ते डोंगरात जरा संशयानेच पाहा. कोरडा नाला वरून पांढऱ्या वाटेसारखाच दिसतो.

'तालुक्याचं नाव धडगाव पाहिजे, अक्राणी का लिहिलंय?' अशा टिपा येतात.

दोन्ही बरोबर आहे. तालुका अक्राणी, मुख्यालय धडगाव. हद्दीच्या रेषेला अक्राणी आणि गावाच्या ठिपक्याला धडगाव असंच नाव हवं. टीप टाकणाऱ्याला हे समजावून सांगा, मग मिटवा.

नावांच्या बाकी टिपा साधारण तीन प्रकारच्या असतात. बदललेली नावं: एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. नवं नाव मुख्य जागी, जुनं ओल्ड_नेम मध्ये. जुनं पुसू नका, म्हातारी माणसं आणि जुनी कागदपत्रं त्याच नावाने शोधतात. दुसरा प्रकार सारख्या नावाची गावं. सावखेडा किती आहेत ते मोजायला बसू नका, पण सावखेडा सिम, सावखेडा खुर्द, सावखेडा बुद्रुक यांतलं शेपूट गाळून टीप टाकली तर ती कोणाच्याच कामाची नाही. तिसरा प्रकार अहिराणी उच्चारांचा. सरकारी नाव एक आणि बोलीतलं थोडं वेगळं, असं असेल तर अहिराणीसाठी नेम च्या पुढे भाषेचा एएचआर हा कोड लावून वेगळं नाव देता येतं. मुख्य नावाशी झटापट करायची गरज नाही.

महामार्गाचंही तसंच. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर रस्ता लोकांच्या तोंडी अजून 'सहा नंबर' आहे, क्रमांक बदलून तो ५३ झाला. ५३ हा चालू क्रमांक, ६ जुना क्रमांक म्हणून ओल्ड_रेफ मध्ये.

कन्नड घाटात दरड कोसळली, रस्ता बंद आहे. टीप टाकू?

दोन-चार दिवसांसाठी नाही. टीप वाचून कोणी नकाशात रस्ता बंद करेल, लोकांच्या मोबाइलमध्ये ती माहिती काही आठवड्यांनी पोचेल, तोवर घाट सुरू झालेला असेल, आणि मग उलटी तक्रार सुरू होईल. ताज्या बातमीसाठी हा नकाशा नाही, त्यासाठी पोलीस आणि प्रशासनाच्या सूचना पाहा. जिवाचा प्रश्न असेल तर ११२.

बंदी दीर्घकाळची असेल, उदाहरणार्थ अवजड वाहनांना मनाई, तर गोष्ट निराळी. ती नकाशात यायला हवी: फक्त अवजड वाहनांसाठीचा एचजीव्ही=नो हा टॅग, संपूर्ण रस्त्याला कुलूप नाही. सोबत आदेश कधीचा आहे हे चेंजसेटमध्ये लिहा आणि जो बंद करतो त्यानेच उघडण्याकडेही लक्ष ठेवायचं.

पाचोरा-जामनेर नॅरोगेजबद्दलही टिपा येतात. पीजे बंद झाली म्हणून रेल्वेची रेषा पुसून टाकू नका. रूळ जागेवर आहेत की निघाले, ब्रॉडगेजचं काम कोणत्या टप्प्यात कुठवर आलं, हे त्या-त्या तुकड्याला पाहून ठरवायचं. रेषा राहते, तिची अवस्था बदलते.

माझ्या शेताची हद्द नकाशात चुकीची दिसते. दुरुस्त कोण करणार?

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मालकी हक्क दाखवत नाहीत. तिथली रेषा म्हणजे 'इथपर्यंत शेती दिसते' एवढंच. सातबारा, गट नंबर, मोजणी यासाठी तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालय. बांधाचा वाद टिपेत आणू नका, आणि शिवारातल्या पाणंदीचाही आणू नका. रस्ता प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, एवढंच इथे लिहिता येतं.

आमच्या तालुक्यातल्या नव्या टिपा मला आपोआप कळतील का?

हो. ठरावीक चौकोनातल्या टिपांची आरएसएस फीड (नव्या नोंदी आपोआप दाखवणारा दुवा) मिळते. तालुक्याचा चौकोन ठरवा, चार आकडे पत्त्यात भरा आणि फीड वाचकात टाका. ही सोय फार कमी लोक वापरतात आणि समन्वयासाठी याहून सोपं काही नाही. रावेर-यावल एकाने, चोपडा-अमळनेर दुसऱ्याने, साक्री-शिरपूर तिसऱ्याने अशी वाटणी झाली तर नवी टीप आल्यावर निदान एक माणूस ती वाचतो हे नक्की. वाटणी म्हणजे मालकी नव्हे. यावलची टीप भुसावळच्या माणसाला येत असेल तर त्याने जरूर मिटवावी.

जुन्या टिपा चाळायला नोट्सरिव्ह्यू बरं पडतं, शब्दानुसार गाळता येतात. 'फरशी', 'पाडा', 'फाटक' असे शब्द टाकून पाहा, एका बैठकीत एकाच प्रकारचं काम हाती येतं.

मॅपरूलेटवर आव्हान कधी काढावं?

एकाच प्रकारचं, घरबसल्या करता येणारं आणि संख्येने बरंच काम असेल तेव्हा. तीन जिल्ह्यांतल्या ज्या शाळांना नाव आहे पण देवनागरी नाव नाही, त्या ओव्हरपास या शोधसाधनाने शोधायच्या आणि आव्हान करायचं, हे योग्य. मॅपरूलेट एका माणसाने उघडलेलं काम दुसऱ्याला देत नाही, त्यामुळे दोघं एकाच शाळेवर बसत नाहीत. पण जागेवर जाऊनच उत्तर मिळेल असा प्रश्न, फरशीसारखा, आव्हानात टाकू नका. जगाच्या दुसऱ्या टोकाचा भला माणूस तुमची यादी संपवेल आणि सगळीकडे पूल बांधून ठेवेल.

दुरुस्ती केली, पण मोबाइलवर जुनंच दिसतं.

मुख्य संकेतस्थळावर बदल काही मिनिटांत दिसतो. ऑफलाइन ॲप मात्र आपला नकाशा ठरावीक काळाने नव्याने बांधतात आणि तुम्ही तो पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. पुन्हा टीप टाकण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहा. तिथे बरोबर असेल तर वाट पाहणं एवढंच बाकी आहे.

टिपेत कोणाचं नाव, नंबर लिहिला गेला तर?

टिपा जगजाहीर असतात, रोज त्यांची संपूर्ण प्रत कोणालाही उतरवता येते. 'अमुक काकांचं घर', मोबाइल नंबर, कोणाच्या घरात काय आहे, हे लिहायचंच नाही. लिहिलं गेलं असेल तर त्या टिपेची तक्रार करा, नियंत्रक ती लपवू शकतात. तुम्ही स्वतः ती पुसू शकत नाही.

कोणी मुद्दाम नकाशा बिघडवत असेल तर?

आधी चेंजसेटवर प्रश्न विचारा. बऱ्याचदा नवा माणूस ॲप शिकत असतो. ओएसएमचा या साधनात भागानुसार अलीकडचे बदल पाहता येतात, तिथे नमुना दिसतो. उत्तर येत नसेल आणि बिघाड चालूच असेल तर असे बिघाड हाताळणाऱ्या डेटा वर्किंग ग्रुपला ईमेल करा, दुवे देऊन, शिव्या न देता. टिपेत भांडण लावू नका.

कॉलेजच्या वर्गाला एकदम बसवायचं आहे. आधी काय ठरवावं?

चाळीस मुलांनी एका दुपारी चाळीस टिपा टाकल्या तर त्या मिटवणार कोण, हे आधी ठरवा. वर्गाला टिपा टाकायला शिकवण्याआधी टिपा मिटवायला शिकवा. ज्या गावची मुलं असतील त्या गावच्या उघड्या टिपांची यादी काढून त्यांच्या हातात द्या. चोपड्याच्या मुलीला चोपड्याच्या टिपेचं उत्तर बहुधा घरी फोन करूनच मिळतं. संघटितपणे काम करणाऱ्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची मार्गदर्शक सूचना आहे. तिच्यानुसार उपक्रमाचं पान विकीवर करा, एक हॅशटॅग ठरवा आणि तो प्रत्येक चेंजसेटमध्ये टाकायला लावा, म्हणजे नंतर तपासणाऱ्याला सगळं काम एकत्र सापडेल. आणि शिकवणाऱ्याने पुढचे दोन आठवडे त्या हॅशटॅगवरचे प्रश्न वाचायला रोज थोडा वेळ मोकळा ठेवावा, कारण ते येतातच.